कोटेशन भरलेलं कनेक्शन सोडून सौर पंप घ्यावा का? आणि मोफत वीज २०२९ नंतर राहील का?

शेतावरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी नोकरीला चाकणला, शेती गावाकडं पाथर्डी तालुक्यात, वडील बघतात. चार एकर रान, एक विहीर, कांदा गहू आणि बांधाकडंनं थोडी लिंबं. आमचं स्वतःचं लाईट कनेक्शन नाही, कोटेशन भरून ठेवलंय पण पोल काही अजून रानात आला नाही, तोवर चुलत्याच्या मोटरवर भागवतोय म्हणजे त्यांचं भरून झालं की मग आमचं, आणि थ्री फेज रात्रीची असली की वडिलांनी या वयात बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. बिबट्याचं आमच्या भागात काय चाललंय ते वेगळं सांगायला नको.

आता ऑफिसात गेलं की एकच उत्तर, पोलचं विसरा, मागेल त्याला सौर कृषी पंप मधनं अर्ज करा, पेड पेंडिंगवाल्यांना, म्हणजे पैसे भरून कनेक्शनची वाट बघणाऱ्यांना, प्राधान्य आहे. १० टक्के आपण भरायचे बाकी सरकार. अडीच ते पाच एकरात बसतो म्हणून आम्हाला ५ एचपी मिळेल. वडिलांचं म्हणणं असं की सौर घेतला की लाईनवरचा हक्क कायमचा गेला, चुलत्याला बिल शून्य येतंय आणि आपण मात्र खिशातले तीसेक हजार घालून ढगाकडं बघत बसायचं.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. सौर रानात खरंच चालतो का, जाहिरातीतलं नको. दुसरं, बळीराजा मोफत वीज योजना मार्च २०२९ पर्यंतच आहे म्हणतात, त्यानंतर काय. आणि तिसरं, कंपनीत एक जण म्हणाला हे सगळं हवामान बदलाचं आहे, दिल्लीनं बाहेरच्या देशांना शब्द दिलाय म्हणून शेतकऱ्याच्या गळ्यात पॅनल मारतात. ह्यात किती तथ्य आहे?

मोसंबीवाला_अंबड

दादा घ्या, पण त्याचं गणित समजून घ्या. लाईटच्या मोटरीसारखा तो चालत नाही.

माझ्याकडं ५ एचपीच आहे, मोसंबीवर. सकाळी साडेसातला पाणी चालू होतं पण ते नुसतं थुंकल्यावानी, नऊ-साडेनऊ झाले की पाइप भरून येतो, तीन-साडेतीनपर्यंत राहतो आणि मग परत उतरत जातो. म्हणजे जोराचं पाणी पाच-सहा तासच धरा. पाटानं देत असाल तर सकाळी विहिरीजवळचे वाफे घ्या आणि लांबचा तुकडा दुपारी, उलटं केलं तर सकाळभर पाणी पाटातच मुरतं आणि वडील म्हणणार बघ मी सांगितलं होतं. ठिबकला सकाळी प्रेशर मिळत नाही, शेवटच्या झाडाचा ड्रिपर नुसता ओला होतो, म्हणून मी बागेचे दोनाचे चार भाग केले आणि एका टायमाला एकच व्हॉल्व्ह उघडतो. शेततळं असेल तर प्रश्नच मिटला, दिवसभर तळ्यात सोडा आणि पाहिजे तेव्हा खाली द्या.

ढगांचं म्हणाल तर पावसाळ्यात ढग असतेत तेव्हा पाणी लागतं कुणाला? खरी पंचाईत दिवाळीच्या पुढं होती, गहू हरभरा पाण्याला आलेला आणि नेमका अवकाळीचा आठवडा लागतो, रोज आभाळ भरून, पाऊसबी पडत नाही आणि ऊनबी नाही. असं आता दर वर्षाला व्हायलंय. त्यासाठी चुलत्याशी संबंध चांगले ठेवा, चार दिवस त्यांच्या मोटरीवर निघतील.

बाकी बारीकसारीक लै आहे. सोयाबीनची मळणी झाली की पॅनलवर भुसा बसतो, पाइप मारला की पाण्याला जोर आलेला लगेच दिसतो. माकडं उड्या मारतेत. आणि फाउंडेशन स्वतः उभं राहून भरून घ्या, आमच्या शेजाऱ्याचं आख्खं स्ट्रक्चर वळवाच्या वाऱ्यात उलटं झालं, विमा होता, पाच वर्षाची दुरुस्तीची हमीपण होती, पण एजन्सीचा माणूस फोन उचलंना आणि ऐन मे महिन्यात बागेला टँकर.

एवढं असूनबी परत लाईटवर जाशील का म्हणलं तर नाही जाणार. रात्री झोपतो मी.

नुसताच_बघ्या

योजना मार्च २०२९ ला संपते आणि लोकसभा विधानसभा दोन्ही २०२९ ला. कुणाच्या बापाची हिंमत आहे बंद करायची. पुढचा प्रश्न विचारा.

जुना_सबस्टेशनवाला

वरच्यांनी चेष्टेत उडवलं पण गोष्ट तेवढी सोपी नाही, जरा सविस्तर लिहितो, निवृत्त माणसाला वेळच वेळ. आमची नोकरी आधी वीज बोर्डात आणि २००५ ला बोर्डाच्या कंपन्या झाल्यावर महावितरणात.

पहिलं म्हणजे शेतकऱ्याला रात्रीचीच वीज का, हे कुणी धड सांगत नाही आणि सगळ्यांना वाटतं की मुद्दाम छळतात. कोळशावरचा संच एकदा बंद केला की परत पेटवून लाईनवर घ्यायला तासन्‌तास जातात आणि वर महागडं तेल जाळावं लागतं. म्हणून रात्री मागणी पडली तरी संच कमी लोडवर चालूच ठेवायचा. मग त्या विजेला गिऱ्हाईक कोण? ऑफिसं बंद, दुकानं बंद, निम्मे कारखाने बंद. उरला शेतीपंप. दिवसा तुटवडा आणि रात्री शिल्लक म्हणून फीडरचे, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनींचे, गट पाडले आणि चक्राकार सुरू केलं, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. तुमच्या वडिलांच्या हातातल्या बॅटरीचं मूळ ते आहे.

आता सोलर आल्यापासून हे उलटं झालंय. दुपारी वीज स्वस्त आणि भरपूर, सूर्य गेला की संध्याकाळी सहा ते दहा सगळ्यांची ओढाताण. १ जुलै २०२५ पासून टीओडी (वेळेप्रमाणे दर लावणाऱ्या) स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळते ना, ती कुणाच्या प्रेमापोटी नाही, दुपारची वीज खपवायची आहे म्हणून. आणि दुपारी खपणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे परत शेतीपंपच. तेव्हा दिवसा वीज ही आता शेतकऱ्याची मागणी राहिली नाही, महावितरणची पण गरज झालीय.

दुसरं, शून्य बिल. २५ जुलै २०२४ चा जीआर काढून वाचा. राज्यात शेतीचे ४७ लाख ४१ हजार ग्राहक, त्यातले साडेसात एचपीपर्यंतचे ४४ लाख ३ हजार मोफतमध्ये, आणि एकूण विजेतली साधारण ३० टक्के वीज शेतीला जाते. सरकारवर वर्षाचा बोजा १४,७६० कोटी. यातले ६,९८५ कोटी आधीच दरसवलत म्हणून जात होते, ७,७७५ कोटी नवीन माफीचे. हे दर वर्षी द्यायचे, आणि द्यायचे म्हणजे कागदावर, प्रत्यक्षात महावितरणला कधी मिळतात ते कंपनीच्या थकबाकीत बघायचं. वर बऱ्याच शिवारात मीटर नाही, एचपीवर अंदाज, त्यामुळं शेतीनं खरी किती वापरली आणि गळती-चोरीची किती शेतीच्या नावावर घातली यावर आमच्या उमेदीच्या काळापासून भांडणं चालू आहेत.

आता सरकारचा डाव बघा. शेतीच्या बांधापर्यंत वीज पोचवायला युनिटला आठ रुपयांच्या आसपास लागतात असं सरकारच सांगतं, सौर कृषी वाहिनीतली, म्हणजे सबस्टेशनजवळच्या सौर प्रकल्पातली, तीनच्या आसपास पडते. एकट्याचा सौर पंप दिला तर एकदा मोठा खर्च, तोही केंद्राबरोबर वाटून, आणि मग त्या शेतकऱ्याची सबसिडी पुढं कायमची बंद. म्हणून पोल मिळत नाही आणि पॅनल मिळतं. हवामानाचं म्हणाल तर ग्लासगोच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२१ मध्ये २०७० चं नेट झिरो (जेवढा कार्बन सोडला तेवढा शोषायचा) आणि २०३० पर्यंत बिगर-कोळशाच्या ५०० गिगावॉटचा शब्द दिला हे बरोबर, पण पीएम कुसुम ही केंद्राची सौर पंपाची योजना त्याच्या आधीची, २०१९ ची. मुळात हा पैशाचा मामला आहे, त्यात कार्बन वाचतो ते चांगलंच.

माझं विचाराल तर एकेक पंप सुटा करण्यापेक्षा आख्खा फीडर सौर करणं शंभर पटीनं बरं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० मध्ये तेच चाललंय, सबस्टेशनजवळ गायरानात नाहीतर भाड्याच्या जमिनीवर प्रकल्प, हेक्टरी सव्वा लाख वर्षाचं भाडं आणि दर साल ३ टक्के वाढ, शेतकऱ्याची मोटर तीच स्टार्टर तोच, फक्त वीज दिवसा. लक्ष्य १६,००० मेगावॉटचं, पहिला ३ मेगावॉटचा प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये चालू झाला. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट हे फीडरचं किती वर्षांपासून लिहीत होता, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पॅनल दुरुस्त झालं नाही तर तिथं ओरडायला शंभर शेतकरी असतात, तुमच्या रानात तुम्ही एकटे.

पण तुमच्याकडं पोलच नाही, फीडर सोन्याचा केला तरी तुम्हाला काय उपयोग. चुलत्याला होईल.

लूमवाला_इचल

शून्य बिल शून्य बिल ऐकून कान किटले ओ. सरकारच्या अनुदानाचं सांगितलं काकांनी, त्याच्यावर क्रॉस सबसिडी कुठं गेली? शेतीचा दर खर्चापेक्षा कमी ठेवायचा आणि तो फरक कारखाने, दुकानं, आणि घरात जास्त वीज जाळणारे यांच्या दरात घालायचा, हे बिलात कुठं वेगळं लिहीत नाहीत म्हणून कुणाला दिसत नाही. घरचं बिल बघा, १०० युनिट ओलांडलं की पुढचा दर दुपटीच्या वर जातोय. वर वहन आकार, इंधन समायोजन, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. कर्नाटकची हद्द आमच्यापास्नं हाकेच्या अंतरावर, तिकडं जागा बघून आलेले आमच्यातच हायत.

मी सौरच्या विरोधात नाही, उलट उद्याच्या उद्या सगळे पंप सौर करा. माझा एकच सवाल हाय, पंप सौर झाल्यावर आमचा दर खाली येणार काय? का तो वाचलेला पैसा दुसऱ्या कुठल्या योजनेत जाणार?

मोसंबीवाला_अंबड

शेट, यंत्रमागाला पण विजेत सवलत आहेच की. ती कुणाच्या खिशातून येती? 😄

लूमवाला_इचल

आहे की, नाही कुठं म्हणालो. ती मिळेपर्यंत माग भंगारात जातोय एवढंच. 🙏

जुना_सबस्टेशनवाला

लूमवाले, दर उतरेल का तर वीज नियामक आयोग पाच-पाच वर्षाचा आदेश काढताना दर उतरणार असंच दाखवतोय आणि त्याचं मोठं कारण ही स्वस्त सौर वीजच धरलीय. पण दुपारची वीज तीन रुपयांना घेतली तरी संध्याकाळच्या चार तासांसाठी कोळशाचे संच उभे ठेवावेच लागतात, त्यांचा स्थिर आकार भरावाच लागतो, बॅटऱ्या आणि घाटातल्या पंप स्टोरेजचे (पाणी वर चढवून वीज साठवायची सोय) पैसे पुढं लागणार. उतरला तर आनंद आहे. मी आदेशावर नाही, बिलावर विश्वास ठेवतो.

चांद्याचा_माणूस

तिसऱ्या प्रश्नावर कोणी नीट बोलूनच नाही राहिलं म्हणून लिहितो. हवामान बदल म्हणजे बाहेरच्या लोकांची भानगड असं ज्यांना वाटते त्यांनी मे महिन्यात एकदा चंद्रपूरला यावं, ४६-४७ म्हणजे काय ते समजते. तुमच्याकडं रात्री जी थ्री फेज येते ती कुठून येते? आमच्याकडून. २,९२० मेगावॉटचं केंद्र, बाजूनं खाणी. कोळशाची एक युनिट जाळली की जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड वर जाते, राख वेगळी. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित भागांची यादी काढली त्यात आमचं नाव वर होतं. वीज सगळ्या महाराष्ट्राला, राख आम्हाला, आणि बिल आम्हालाही तेवढंच येते बरं का.

अन् पाण्याचं कोणी धरतच नाही. कोळशाच्या केंद्राला थंड ठेवायला धरणाचं पाणी लागते. परळीचं केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं, त्याच्या आधी २०१३ मध्येही तेच झालं. कोळसा आहे, मशीन आहे, माणसं आहेत, पाणीच नाही. म्हणजे ज्या वर्षी पाऊस दगा देते अन् शेतकऱ्याला मोटर जास्त चालवावी लागते, त्याच वर्षी वीज बंद पडू शकते. पॅनलला असं काही लागत नाही, धुवायला बादलीभर पाणी सोडलं तर. दुष्काळी तालुक्याला याहून मोठं कारण काय पाहिजे?

हे मात्र मानतो की जाहिरातीत 'हरित ऊर्जा' म्हणायचं अन् इकडं नवीन खाणीला मंजुरी द्यायची हे दोन्ही एकाच वेळी चालू आहे. देशाच्या विजेत अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे. क्षमतेचा आकडा वेगळा अन् प्रत्यक्ष विजेचा वेगळा, बातमीत नेहमी क्षमतेचा सांगतात.

बडोदेकर

गुजरातेतून लिहितोय, आमचं मूळ गाव खानदेशात आणि तिथं भावकीत पण सध्या हाच वाद चालू आहे.

तुमच्याकडच्या योजनेत मला एक खटकतं. ५ एचपीला साधारण ५ किलोवॉटचं पॅनल असतं, स्वच्छ उन्हात दिवसाला वीस युनिट सहज. वर्षातले निम्मे दिवस तरी मोटर बंदच असते, पाऊस असतो, रान मोकळं असतं, विहिरीला पाणी नसतं. ते सगळं ऊन वाया. इकडं खेडा जिल्ह्यात ढुंडी गावात २०१६ ला सौर पंपवाल्या शेतकऱ्यांची सहकारी मंडळी काढली, पंप ग्रीडला जोडले, उरलेली वीज विकायची. मग २०१८ मध्ये राज्य सरकारनं सूर्यशक्ती किसान योजना त्याच धर्तीवर आणली. सगळीकडं जमली असं नाही पण विचार बघा ना, विजेचे पैसे मिळतात म्हटल्यावर माणूस उगाच पाणी उपसत नाही. सुट्या पंपात पाणी उपसायला एक पैसा लागत नाही, ऊन आहे तर चालू ठेव, विहिरीचा तळ दिसेपर्यंत. फुकट विजेनं जे झालं तेच फुकट उन्हानं होणार. आमच्या भावकीत सौर बसल्यावर पहिलं काम काय केलं तर केळी वाढवली!

कुसुमच्या क भागात ग्रीडला जोडलेल्या पंपाची सोय आहे, पण पोल नसलेल्याला ती नाही. निदान अर्ज करताना युनिव्हर्सल कंट्रोलर मिळतो का विचारा, मोटर बंद असताना त्यावर कडबाकुट्टी, चक्की चालते.

शेतावरचा_पोरगा

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगत नाही. काकांचं रात्रीच्या विजेचं वाचून वडिलांना फोनवर ऐकवलं, ते म्हणाले हे आम्हाला कुणी चाळीस वर्षात सांगितलं नाही 😄 बिबट्याच्या मुद्द्यावर आई सौरच्या बाजूनं झालीय त्यामुळं अर्ज तर करणार. चुलत्याचं सबस्टेशन सौर वाहिनीत आहे का तेही बघतो.

आता एकच विचारतो, विहीर साठ फूट आहे, पण वडील म्हणतात पुढं बोअर घ्यायचा. अर्जात काय टाकू? आणि सर्व्हेच्या टायमाला काय बघायचं?

मोसंबीवाला_अंबड

जे आहे तेच टाका, बोअर अजून घेतलेला नाही तर विहीरच. पण पातळी विचारली की मे महिन्यातली सांगा, आत्ताची नाही. पंप हेडवर, म्हणजे पाणी किती उंच उचलायचं त्यावर, ठरतो, आत्ता पाणी वर आहे म्हणून कमी हेडचा बसवून घेतला तर उन्हाळ्यात तो नुसता घुमतो आणि पाइपात काही येत नाही. पुढं बोअरला तोच पंप चालेल हे धरूच नका, तसं असेल तर आत्ताच एजन्सीला विचारून घ्या. विहिरीपासून रानाचा चढ किती तेही सांगायचं, लोकं तेवढंच विसरतात.

जागा अशी द्या की लिंबाची सावली दुपारी तीनला पण पडणार नाही, तोंड दक्षिणेला. केबल जमिनीत पाइपातून, वर सोडली की चोरीला गेलीच म्हणा. एजन्सी निवडायची पोर्टलवर सोय असती, तिथं घाई करू नका, तालुक्यात ज्यांनी बसवलेत त्यांच्या रानात जाऊन विचारा दुरुस्तीला माणूस येतो का. कंट्रोलरचा नंबर, पॅनलचे नंबर मोबाईलमधे फोटो काढून ठेवा, विम्याला लागतेत.

आणि बसवणारी पोरं लै घाईत असतेत, पॅनलपुढं शेतकऱ्याला उभं करून फोटो काढला की त्यांचं काम झालं. वडिलांना सांगा, दुपारी बारा वाजता पाइप भरून पाणी पडताना बघितल्याशिवाय फोटोला उभं राहायचं नाही आणि सहीबी करायची नाही.